सहा फुटी टाकीचा घरचा सम्प: गणित लाइट गेल्यापासून मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. हॉलमध्ये ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच अशी १२ मिमी साध्या काचेची टाकी आणून ठेवली आहे, ती अजून कोरडी आहे. सध्या तीन फुटी टाकीत दाटीवाटीने राहणारे चार ऑस्कर आणि एक प्लेको (दोन्ही मोठे होणारे मासे) तिच्यात जायचे आहेत. मोठ्या कॅनिस्टरच्या, म्हणजे तयार बंद डब्याच्या फिल्टरच्या, किमती ऐकून तुम्ही खाली स्वतःच सम्प, म्हणजे फिल्टरचं काम करणारी दुसरी टाकी, करायचं ठरवलंय. सम्प किती मोठा हवा, कप्पे किती, पंप कुठला आणि मीडिया (जिवाणू वसण्यासाठीचा भराव) कोणता, असं तुम्ही विचारलंय.

निर्णय योग्य आहे. ऑस्करसारखा खादाड आणि घाण करणारा मासा असेल तर सम्पसारखं फिल्टर नाही. पण तुम्ही विचारलेल्या चारही गोष्टी नंतरच्या आहेत. आधी एका प्रश्नाचं उत्तर कागदावर काढा: लाइट गेली, पंप थांबला, तर वरचं किती पाणी खाली येईल आणि ते सम्पमध्ये मावेल का? सम्पचं माप, त्यातल्या पडद्यांची उंची, पाणी परत वर सोडणारं नोझल कुठे बसवायचं, सगळं या एका आकड्यावरून ठरतं. बहुतेक जण उलट करतात. आधी सम्प बनवतात, मग पाइप जोडतात, आणि लाइट गेली की काय होतं ते फरशीवर बघतात.

मीही तेच केलं होतं. माझा पहिला सम्प २००८ सालचा. तेव्हा आमच्या गावात दिवसातून दोनदा भारनियमन असायचं. वरच्या टाकीतलं पाणी तळापर्यंत फिरावं म्हणून रिटर्नचा, म्हणजे सम्पमधून पाणी परत वर नेणारा, पाइप मी चांगला वीतभर खोल सोडला होता. दुपारी लाइट गेली, पंप थांबला, आणि तोच पाइप उलटा चालू झाला. मी कामावर होतो, घरी आई एकटी. पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत पाणी खाली येत राहिलं, सम्प भरला आणि वाहू लागला. आई बादली आणि फडकं घेऊन बसलेली असतानाच खालच्या काकू वर आल्या. त्यांच्या हॉलमधल्या पंख्याच्या दांडीवरून पाणी टपकत होतं. पंख्याच्या दांडीवरून म्हणजे वायरिंगच्या जवळून. त्या दिवसापासून मी कुठल्याही सम्पचं काम याच आकड्यापासून सुरू करतो.

आता तुमच्या टाकीचा हिशेब. ६ गुणिले २ गुणिले २ म्हणजे २४ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे काठोकाठ ६८० लिटर. काचेची जाडी, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता ६०० धरा. तुमच्या टाकीचा तळ १२ चौरस फूट आहे, त्यामुळे पाण्याची पातळी एक इंच उतरली की बरोबर एक घनफूट, म्हणजे २८ लिटर खाली येतं. हा २८ चा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. रिटर्नचं तोंड पाण्याखाली सहा इंच असेल तर सहा गुणिले २८, जवळपास १७० लिटर खाली. दीड इंच असेल तर ४२ लिटर. पाइप तोच, पंप तोच, फरक फक्त साडेचार इंचांचा.

म्हणून तुमचं रिटर्न नोझल चालू पातळीच्या दीड इंच खाली ठेवा, जास्त नको. तळाशी प्रवाह हवा असेल तर टाकीत वेगळा छोटा वेव्हमेकर (पाणी ढवळणारा पंप) लावा, त्यासाठी रिटर्न खोल नेऊ नका. काही जण पाइप खोल नेतात आणि पाण्याच्या पातळीलगत त्याला ३-४ मिमीचं भोक पाडतात, म्हणजे पातळी भोकापर्यंत आली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. भोक जरूर पाडा, पण फक्त त्याच्या भरवशावर राहू नका. माझ्या एका मित्राच्या टाकीत त्या भोकात बरोबर मापाची एक गोगलगाय जाऊन बसली होती. शेवाळानेही ते महिन्याभरात बुजतं. पाइपात बसवायच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचंही तेच: पहिल्या दिवशी घट्ट बसतो, सहा महिन्यांनी त्याच्या रबरावर शेवाळाचा थर चढतो आणि तो गळू लागतो. व्हॉल्व्ह चाललाच नाही असं धरूनही गणित जमलं पाहिजे.

४२ लिटरमध्ये ओव्हरफ्लोच्या पेटीतलं (वरच्या टाकीतलं पाणी जिच्या काठावरून पडून खाली जातं ती पेटी) पाणी पाच-सहा लिटर आणि पाइपांमधलं दोन लिटर मिळवा. एकूण ५० लिटर. आता सम्प. तुमचं स्टँड सहा फुटांचं आहे, तेव्हा ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच सम्प बसायला हरकत नाही. त्याचा तळ ६ चौरस फूट, म्हणजे दर इंचाला १४ लिटर. आतले पडदे १० इंच उंच ठेवलेत तर वर ८ इंच मोकळे. दीड इंच काठाला सोडा, उरले साडेसहा इंच, म्हणजे ९१ लिटरची जागा. येणार ५०, जागा ९१. हे झालं पास. हाच सम्प तुम्ही ‘जास्त पाणी म्हणजे जास्त चांगलं’ म्हणून १५ इंचांपर्यंत भरून चालवलात तर नापास.

दुसरी परीक्षा उलटी आहे आणि तिच्याकडे फारच कमी लोक बघतात. लाइट आहे, पंप चालू आहे, पण खाली येणारा पाइप चोंदला. झाडाचं पान अडकलं, ऑस्करने उपटलेलं प्लास्टिकचं झुडूप पेटीत गेलं, काहीही. पंपाला ते कळत नाही, तो वर पाणी ढकलतच राहतो. अशा वेळी टाकी भरून वाहण्याआधी पंपासमोरचं पाणी संपलं पाहिजे. चोंदलं की खाली येणारं पाणी थांबतं, त्यामुळे पंपाला फक्त रिटर्नच्या कप्प्यातलं पाणी मिळतं, आधीच्या कप्प्यांतलं पडद्यामागेच राहतं. तुमचा रिटर्नचा कप्पा १ फूट लांब, दीड फूट रुंद, पाणी ९ इंच धरलं तर ३२ लिटर. वर टाकीत पाणी काठाखाली २ इंच ठेवलंत तर तिथे ५६ लिटरची जागा आहे. ३२ आत गेले तरी काठ सुरक्षित. म्हणून रिटर्नचा कप्पा मुद्दाम लहान ठेवायचा असतो. मोठा केला की बाष्पीभवनाने पंप लवकर कोरडा पडत नाही हे खरं, पण ही सुरक्षा जाते.

या दोन्ही परीक्षा कागदावर पास झाल्याशिवाय काचवाल्याकडे जाऊ नका.

पाणी खाली आणायचं कसं, हा पुढचा प्रश्न. काच न फोडता काठावरून इंग्रजी यू आकाराच्या नळीने सायफन करून पाणी खाली घेणारे पेटीचे प्रकार मिळतात, पीव्हीसीचे तुकडे जोडून लोक घरीही करतात. मी ते तुम्हाला सुचवणार नाही. त्या नळीच्या माथ्यावर हळूहळू हवेचे बुडबुडे साठत जातात आणि एखाद्या दिवशी सायफन तुटतो. तो तुटला की पंप वर ढकलतो आहे आणि खाली काहीच येत नाही, अशी गत होते. तुमची टाकी रिकामी आहे, काच साधी आहे, तर भोकं पाडून घ्या. यापेक्षा चांगली संधी पुन्हा येणार नाही.

काच साधीच आहे ना, याची खात्री मात्र करा. टफन, म्हणजे मुद्दाम कडक केलेल्या, काचेला ड्रिल लावलं की सगळी काच एका क्षणात खड्यांसारखी कोसळते. खात्री करायला सोपी युक्ती आहे: काचेच्या एका बाजूला लॅपटॉपची पांढरी स्क्रीन धरा आणि दुसऱ्या बाजूने पोलराइज्ड गॉगल घालून बघा, गॉगल थोडा फिरवून. काळसर ठिपके किंवा पट्ट्यांची नक्षी दिसली तर ती टफन आहे. तळाची काच कधीकधी टफन असते आणि बाजूच्या साध्या, म्हणून प्रत्येक काच वेगळी तपासा.

भोकं तळाला नाही, मागच्या काचेला, वरून चार-पाच इंचांवर पाडा. तळाच्या भोकाचं रबर वर्षांनी सुटलं तर सगळी टाकी रिकामी होते. मागच्या काचेचं सुटलं तर पाणी भोकापर्यंतच उतरतं. भोकं दोन. भोकाची कड काचेच्या काठापासून निदान भोकाच्या व्यासाइतकी लांब हवी. भोकाचं माप टँक निपल (भोकात बसवून पाइप जोडायचा तुकडा) हातात घेऊन मोजूनच ठरवा, कंपनीप्रमाणे ते बदलतं. एक इंची निपलला मला बहुतेक वेळा ४५ मिमीच्या आसपासचा बिट लागला आहे.

ड्रिलिंग मी गच्चीत करतो. टाकी पुढच्या काचेवर आडवी, खाली थर्मोकोलची जाड शीट, मागची काच वर तोंड करून. एकट्याने उचलायला जाऊ नका; तुमच्या कोऱ्या टाकीचंच वजन सव्वाशे किलोच्या घरात आहे, चार माणसं हवीत. भोकाच्या जागी खालून दोन-तीन थर चिकटपट्टी, म्हणजे सुटलेली चकती खालच्या काचेवर पडत नाही. वरून भोकाभोवती कणकेचं आळं करा, झाडाच्या बुंध्याशी करतो तसं, आणि त्यात पाणी भरा. डायमंड कोअर बिट आधी थोडा तिरका धरून एक खाच पाडायची, मग सरळ करायचा. गती कमी, हाताचा भार जवळजवळ नाहीच, ड्रिलचं स्वतःचं वजन पुरतं. आळ्यातलं पाणी दुधासारखं पांढरं होत जातं, ते बदलत राहा. शेवटच्या मिलिमीटरला आवाज बदलतो, बारीक आणि कोरडा होतो. तिथे बहुतेकांचा हात घाईला येतो आणि खालच्या कडेचे कपचे उडतात. तिथेच सगळ्यात हळू जा. १२ मिमी काचेला एका भोकाला दहा-पंधरा मिनिटं लागतात, लागू द्या. आळ्यात पाणी आणि हातात विजेचं यंत्र असतं, म्हणून ड्रिल बॅटरीचं असेल तर उत्तम. नसेल तर हातात रबरी मोजे, पायात कोरड्या चपला आणि लाइनला आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) असल्याशिवाय सुरू करू नका. डोळ्यांना चष्मा हवाच.

दोन भोकांपैकी पहिलं मुख्य. या पाइपात हवा अजिबात शिरू द्यायची नाही, तो पूर्ण सायफनने चालतो आणि खाली सम्पजवळ त्याला गेट व्हॉल्व्ह लावून प्रवाह पंपाशी जुळवायचा. दुसरं भोक आणीबाणीचं: पेटीच्या आत त्याचा एल्बो वरच्या दिशेने, त्याचं तोंड मुख्य पाइपाच्या पाण्याच्या वर. एरवी तो कोरडा. मुख्य चोंदला की पेटीतलं पाणी चढतं आणि यातून खाली पडायला लागतं, मोठा खळखळाट होतो. तो आवाज हीच तुमची घंटा. या रचनेला शौकीन लोक हर्बी म्हणतात. तीन पाइपांची बीन अॅनिमल नावाची रचना याहून सुरक्षित आहे, पेटीत जागा असेल तर ती करा. पण एकच पाइप, ज्यातून पाणी आणि हवा मिसळून फ्लशसारखा आवाज करत खाली येतं, ते करू नका. हॉलमध्ये ते रात्री झोपू देत नाही, आणि चोंदला तर दुसरी वाटही नसते.

इथे बॉल व्हॉल्व्ह लावू नका. त्याची मूठ केसभर फिरली तरी प्रवाह खूप बदलतो. गेट व्हॉल्व्हला बारीक चढउतार करता येतो. मुख्य पाइप एक इंची पुरेल, कारण भरलेल्या सायफनला ताकद असते. आणीबाणीचा मात्र दीड इंची घ्या. तो उघडा पाइप आहे, त्यातून तितक्याच मापात फार कमी पाणी जातं, आणि गरज पडेल तेव्हा पंपाचं सगळं पाणी त्यालाच न्यायचं आहे. सगळं काम यूपीव्हीसीत करा. हार्डवेअरच्या दुकानात आट्यांचे फिटिंग मागितले की आत पितळेचा आटा असलेले हातात ठेवतात. ते परत करा, पूर्ण प्लास्टिकचे घ्या. पितळेतलं तांबं पाण्यात उतरतं, आणि गोगलगायी, कोळंबीला ते विष आहे. पंपाजवळ आणि व्हॉल्व्हजवळ युनियन (हाताने उघडता येणारा जोड) जोडा, नाहीतर पुढे पंप धुवायला पाइप कापावा लागेल.

सम्प ८ मिमी काचेचा, आतले पडदे ५-६ मिमी चालतील. सिलिकॉन आम्ल प्रकारचं, व्हिनेगरसारखा वास येणारं. बाथरूमसाठी म्हणून बुरशीरोधक लिहिलेलं असतं ते आणू नका, त्यातलं औषध माशांना बाधतं. चिकटवल्यावर आठवडाभर वाळू द्या. आणि एक गोष्ट, जी सगळ्यात शेवटी लक्षात येते: स्टँडला मध्ये पाय आहेत का ते बघा. लोखंडी चौकोनी पाइपाच्या सहा फुटी स्टँडला बहुतेक वेळा मध्ये दोन पाय असतातच, आणि चार फुटी सम्प मग पुढून आत जातच नाही. बाजूने सरकवावा लागतो, तोही वर टाकी ठेवण्याआधी. सम्पच्या काठावर हात घालून मीडिया बाहेर काढायला निदान दहा इंच मोकळे हवेत, म्हणजे स्टँड ३० इंचांचं तरी हवं.

कप्प्यांचा फार विचार करू नका. पाणी येतं तो पहिला कप्पा गाळणीचा, मधला मोठा मीडियाचा, शेवटचा पंपाचा. समुद्री टाकीत बुडबुडे अडवायला तीन-तीन पडदे लावतात. गोड्या पाण्यात मीडियानंतर खालून-वरून असे दोन पडदे एक इंच अंतराने लावले की झालं.

पहिल्या कप्प्यावर मात्र कंजुषी नको. ऑस्करची विष्ठा आणि दाण्यांचा चुरा इथेच थांबला पाहिजे. फिल्टर सॉक (गाळणीची कापडी पिशवी) लावा किंवा जाड फोमचा ठोकळा आणि त्यावर पांढऱ्या फिल्टर वूलचा थर. हे तीन-चार दिवसांनी धुवायचंच. आठवडाभर तसंच राहिलं की अडकलेली घाण त्याच पाण्यात कुजते आणि फिल्टर म्हणजे घाणीचं कोठार होतं. मी अनेकांचे सम्प बघितले आहेत. पाणी खराब होण्याचं कारण महागडं मीडिया नसणं हे क्वचितच असतं, न धुतलेला सॉक हे नेहमी.

मीडियाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू पृष्ठभागावर राहतात, आणि त्यांना भरपूर प्राणवायू लागतो: अमोनियातल्या एक ग्रॅम नायट्रोजनला साडेचार ग्रॅमहून जास्त. त्यांना भरपूर जागा आणि वाहतं, हवेशीर पाणी द्या, बाकी ब्रँडचं काही पडलेलं नाही. मध्यम जाळीचा फोम हे पैशाला सगळ्यात जास्त काम करणारं मीडिया आहे. मधल्या कप्प्याचा अर्धा भाग फोमच्या उभ्या पट्ट्यांनी भरा, उरलेल्यात सिरॅमिक रिंग किंवा भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या, साबण नसलेल्या. लाव्हा रॉकही छान, पण आपल्या डेक्कनचा काळा घट्ट दगड म्हणजे लाव्हा रॉक नव्हे. तो तेवढाच ज्वालामुखीतला असला तरी त्याला आत पोकळ्या नसतात. मीडियाखाली एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा खडा) सोडा. आणि मीडिया नळाच्या पाण्याखाली कधी धुऊ नका. क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत बुचकळून काढायचं, तेवढंच.

सम्प झाला म्हणजे पाणी बदलणं संपलं, असा अनेकांचा समज असतो. तुमच्या चार ऑस्करचा हिशेब बघा. दिवसाला २० ग्रॅम दाणे, त्यात ४० टक्के प्रथिनं, म्हणजे ८ ग्रॅम. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन, म्हणजे १.२८ ग्रॅम. त्यातला निम्माच पाण्यात आला असं धरलं तरी ६०० लिटरला रोज साधारण ४.७ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) नायट्रेट वाढतं, आठवड्याला ३३. सम्प कितीही भारी असला तरी इथे तो थांबतो. नायट्रेट बाहेर काढायला बादलीच लागते. शिवाय अमोनियाचं नायट्रेट करताना जिवाणू पाण्यातली क्षारता खातात, म्हणून पाणी महिनोन् महिने न बदललेल्या टाकीचा पीएच घसरत जातो. आठवड्याला ३० ते ४० टक्के पाणी बदला, नळाच्या पाण्याला हायपो किंवा कुठलंही अँटीक्लोरीन घालून. सम्पचा एक फायदा असा की हा निचरा सम्पमधून आणि वरच्या टाकीतून मिळून करता येतो, मासे फारसे बिथरत नाहीत.

पंप. ६०० लिटरला तासाला पाच फेऱ्या धरा, म्हणजे प्रत्यक्ष वर पोहोचणारं पाणी ३००० लिटर. खोक्यावर छापलेला आकडा शून्य उंचीचा असतो. सम्पमधल्या पाण्याच्या पातळीपासून नोझलपर्यंतची उंची तुमच्याकडे सव्वा मीटरच्या आत भरेल, एल्बोंची अडचण धरून १.४ मीटर म्हणू. खोक्यावर ५००० लिटर आणि कमाल उंची ३.५ मीटर लिहिलेला पंप तिथे ढोबळमानाने ३००० देईल. कमाल उंची २ मीटर लिहिलेला ५००० चाच पंप मात्र दीड हजारावर येईल. तेव्हा दोन्ही आकडे वाचा. ६० वॉटचा पंप दिवसाला १.४४ युनिट खातो, महिन्याला ४३. डीसी पंप महाग, पण कमी वीज खातो, गती कमी-जास्त करता येते. घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा हवा, स्क्वेअर वेव्हवर साधे पंप गुणगुणतात आणि तापतात.

हीटर आणि थर्मामीटर सम्पमध्ये ठेवा. ऑस्कर हीटरला धडका देऊन फोडतात. पण हीटर रिटर्नच्या कप्प्यात नको, कारण पातळी तिथेच उतरते आणि उघडा पडलेला तापलेला हीटर तडकतो. मीडियाच्या कप्प्यात, आडवा.

तसं नागपूरला हीटरपेक्षा उन्हाळ्याची काळजी जास्त. २५ अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरला ८.३ मिलिग्रॅमपर्यंत मावतो, ३२ अंशांना ७.३. मासे आणि जिवाणू दोघांचीही भूक मात्र उष्णतेबरोबर वाढते. सम्पच्या पाण्यावर तिरका वारा देणारा एक छोटा पंखा लावला तर पाणी दोन-तीन अंश उतरतं, माठासारखं. बदल्यात बाष्पीभवन वाढतं, आणि ते फक्त रिटर्नच्या कप्प्यात दिसतं. मे महिन्यात रोज सकाळी तिथे पाणी घालायची सवय ठेवा. कूलरला असतो तसा फ्लोट व्हॉल्व्ह लावायचा मोह होईल. लावा, पण तो थेट गच्चीवरच्या टाकीच्या लाइनला जोडू नका. अडकला तर घरात पूर आणि माशांना क्लोरीन, दोन्ही एकदम. बाजूला वीस लिटरचा कॅन ठेवा आणि त्यातून द्या. व्हॉल्व्ह अडकला तरी जास्तीत जास्त वीसच लिटर येतील, आणि ते तुमच्या ९१ मध्ये मावतात.

विजेचं थोडक्यात पण ठासून सांगतो. या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. एक्स्टेंशन बोर्ड स्टँडच्या आत जमिनीवर नको, बाजूच्या भिंतीवर उंच. प्रत्येक वायर बोर्डात जाण्याआधी खाली झोळ घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली पडतं, प्लगमध्ये जात नाही.

आणि वजन. पाणी, काच, वाळू, स्टँड, भरलेला सम्प मिळून तुम्ही एका टनाच्या आसपास जाता, तेही १२ चौरस फुटांवर. राहत्या घराच्या स्लॅबसाठी आपल्याकडच्या मानकात चौरस मीटरला २०० किलो चलभार (माणसं, सामान यांचं वजन) धरतात. तुमचा भार तेवढ्या जागेत त्याच्या चौपटीच्या वर जातो. याचा अर्थ टाकी ठेवताच येत नाही असा नाही, भार आजूबाजूला वाटला जातो, पण खोलीच्या मधोमध नको. तुळईवर किंवा तुळईला लागून भिंतीकडेला हवी, आणि ही जागा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच ठरवा. दुसऱ्या मजल्यावर मी याबाबत अंदाजाने काहीही सांगणार नाही.

सगळं जोडून झालं की मासे लगेच सोडू नका. पाणी भरा, पंप चालू करा, गेट व्हॉल्व्ह अगदी थोडा थोडा बंद करत पेटीतली पातळी स्थिर करा. मग प्लग काढा आणि सम्पजवळ बसून बघा. पाणी चढत जाईल, थांबेल. जिथे थांबलं तिथे मार्करने रेघ मारा. पुन्हा चालू करा, चालू पातळीवर रिटर्नच्या कप्प्याला दुसरी रेघ. यापुढे पाणी घालताना दुसरी रेघ कधीही ओलांडायची नाही, घरातल्या सगळ्यांना हे दाखवून ठेवा. मग मुख्य पाइपाचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून बघा, आणीबाणीचा पाइप एकटा सगळं पाणी नेतो का. नेत असेल तर त्याच्याही तोंडावर हात धरून ठेवा आणि पंप कोरडा पडेपर्यंत वर काठ राहतो का ते बघा. पंप गुरगुरला की लगेच बंद करा. हे सगळं निदान पाच-सहा वेळा, एकदा रात्री दिवे बंद करून. रात्रीच्या शांततेत जो थेंब ऐकू येतो तो दिवसा दिसत नाही.

तुमच्या तीन फुटी टाकीत आत्ता जो फिल्टर चालू आहे त्याचा फोम फेकू नका, आजपासूनच त्याला नीट सांभाळा. नवा सम्प नुसता चालवत ठेवला तर जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात. तो जुना, तपकिरी, चिकट फोम तसाच्या तसा मधल्या कप्प्यात ठेवा, आणि मासे त्याच दिवशी हलवा. माशांशिवाय त्यातले जिवाणू तिथे उपाशी मरतील. पहिले दोन आठवडे दाणे निम्मे, आणि एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइटची चाचणी. दोन्हींपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी तिसरा हिस्सा पाणी बदला. ऑस्कर काचेशी येऊन दाणे मागतील, ते माणसाला ओळखतात. तरीही निम्मेच.